परक्या पार्सलाची अमानत

पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या, बीड जिल्ह्यातील गेवराईच्या टपालाचा पूर्वेतिहास दुहेरी अंमलाचा आहे. निजामाच्या मुलखात १८६९ पासून दरबारची स्वतःची तिकिटे निघत आणि १८७१ च्या तिकिटांवर फार्सीच्या जोडीने मराठी, तेलुगू व इंग्रजी अक्षरेही उमटली. परंतु त्या तिकिटांचा अंमल संस्थानच्या सरहद्दीपाशी संपे आणि पलीकडच्या पत्रव्यवहारास इंग्रज सरकारच्या टपालाचा आश्रय घ्यावा लागे. जेथे दरबारी कारभार उर्दूत आणि सावकाराचा हिशेब मोडीत चाले, तेथे पाकिटावरील नाव एका हाताने लिहिलेले व दुसऱ्याने भलतेच वाचलेले असणे स्वाभाविक होते.

१ एप्रिल १९५० रोजी हैदराबादचे टपालखाते भारतीय टपालखात्यात विलीन झाले आणि १८९८ चा टपाल कायदा येथील बटवड्याचाही कायदा ठरला. दुसऱ्याच्या नावचे टपाल चुकून हाती आले असता ते कपटाने ठेवून घेणाऱ्यास, दडविणाऱ्यास, किंवा खात्याने मागितल्यावरही परत न देणाऱ्यास त्या कायद्याच्या ६८ व्या कलमाने दोन वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड सांगितला होता. ज्या पार्सलाचा धनी सापडतच नसे, त्यावर पोस्टमन तसा शेरा मारी व ते परतीच्या वाटेला लागे. पाठविणाराही न सापडल्यास, गुप्ततेस बांधलेला अधिकारी केवळ नाव-पत्ता शोधण्यापुरते ते उघडी, आतील रक्कम किंवा न नासणारी विकाऊ चीज एक वर्ष राखली जाई, आणि त्या मुदतीत कोणी हक्क शाबीत केला नाही, तरच रक्कम खात्यात जमा होई व चिजेची विक्री होई. धन्यावाचूनच्या मालाविषयी सरकारने बाळगलेला हा संयम मला त्या कायद्याचा सर्वांत उदात्त भाग वाटतो.

पत्त्यांचा गोंधळ मात्र कायद्याने मिटणारा नव्हता. छत्रपती संभाजीनगर तालुक्यातही गेवराई तांडा आणि गेवराई कुबेर ही गावे आहेत. तेव्हा नुसते ‘गेवराई’ लिहून धाडलेले पुडके कोणत्या थैलीत पडेल, हे छाटणी करणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राही. संस्कृतचे विद्वान आणि टपालखात्याचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेने १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन बटवड्याचे पोस्ट. ४३११२७ हा आकडा लिहिला की पुडके बीड जिल्ह्यातील गेवराईसच निघते.

परंतु आकडा पोस्टापर्यंत पोचवितो, माणसापर्यंत नव्हे. दसरा सरला की गेवराई तालुक्यातील असंख्य कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या ऊसफडांकडे जातात आणि उन्हाळ्यापर्यंत घरे बंद राहतात. अशा घरी आलेले पार्सल भावकीतला कोणी किंवा शेजारचा दुकानदार उतरवून घेतो. पुडके फडक्यात बांधून फळीवर ठेवावे, वेष्टन न फोडता धन्यास निरोप धाडावा, आणि नाव सारखे असले तरी गाव व बापाचे नाव पडताळूनच स्वाधीन करावे, एवढी दक्षता त्याने घेतली, तरच कायद्याने आखलेला मार्ग शेवटास जातो.

१८९८ च्या कायद्याची जागा आता २०२३ च्या टपाल कायद्याने घेतली आहे. तो १८ जून २०२४ पासून अमलात आला आणि ६८ व्या कलमासारखी शिक्षा त्यात उरली नाही. खासगी कुरियरचा माल तर त्या कलमाच्या कक्षेत कधीच नव्हता. तथापि चुकीने पोचती झालेली वस्तू परत केलीच पाहिजे, हे १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम आजही बजावते. बटवड्याची चूक मालकी बदलत नाही. शिक्षेचे भय ओसरले, म्हणून या कर्तव्यात तसूभरही उणेपणा आलेला नाही. उलट, पोस्टाचा शिक्का नसलेली पार्सले ज्या काळात दारोदार येऊ लागली, त्या काळात ज्याच्या हाती परके पुडके पडेल, त्याच्या सचोटीवरच दूर फडावर राबणाऱ्या माणसाचा हक्क विसंबून राहणार आहे.