सायनाइडच्या टेकड्यांची कुळकथा

चेन्नईच्या पेरुंगुडीत, पळ्ळिकरणै पाणथळीच्या कडेला, शहराच्या जुन्या कचऱ्याचा डोंगर सध्या उपसला जातोय. फिरत्या चाळणीतून माती एकीकडे पडते, दगडविटा दुसरीकडे, आणि प्लास्टिक सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला जातं. या कामाला बायोमायनिंग म्हणतात. टाकून दिलेला ढीग पुन्हा हिशेबात घ्यायचा, ही युक्ती मात्र जुनीच. तिचं दक्षिणेतलं मोठं घराणं चेन्नईच्या पश्चिमेला, कोलार गोल्ड फील्ड्स म्हणजे केजीएफमध्ये आहे.

कोलार हा बारमाही नदी नसलेला, तळ्यांच्या आधारावर जगणारा कोरडा मुलूख. एके काळी तो शहाजीराजांच्या जहागिरीत होता. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरनने गावकऱ्यांना इथली माती धुऊन सोन्याचे कण काढताना पाहिलं. पुढे आयरिश सैनिक लॅव्हेलने म्हैसूर दरबाराकडून खोदकामाचा परवाना मिळवला आणि १८८० मध्ये लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने खाणी हाती घेतल्या. त्यापाठोपाठ रॉबर्टसनपेठ, अँडरसनपेठ, चॅम्पियन रीफ अशी वस्ती उभी राहिली. साहेबांसाठी बंगले आणि क्लब, तर मद्रास इलाख्यातून आलेल्या तमिळ मजुरांसाठी झोपड्यांच्या रांगा. पाण्यासाठी बेतमंगलचं तळं आणि १९०२ पासून शिवनसमुद्रची वीज, तीही सुमारे १४७ किलोमीटर तारांवरून.

ढिगाचा जन्म मात्र रसायनशाळेतला. खडक कुटून त्याची वाळू करायची आणि पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून ती वाहू द्यायची, की जाडसर सोनं पाऱ्याला चिकटे. बारीक सोनं वाळूबरोबरच निसटून जाई. १८८७ मध्ये ग्लासगोच्या जॉन मॅकआर्थरने फॉरेस्ट बंधूंसह त्यावर तोड काढली. वाळू मोठ्या टाक्यांत भरून तिच्यात सायनाइडचं अगदी सौम्य द्रावण मुरवायचं. हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने सोनं त्यात विरघळतं. मग द्रावण जस्ताच्या किसावरून सोडलं, की सोनं काळपट गाळ होऊन खाली बसतं आणि तो गाळ वितळवला की लगड तयार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ही पद्धत केजीएफमध्ये आली. टाकीतून उरलेली भुकटी बाहेर ओतली जाऊ लागली आणि वर्षानुवर्षांच्या ओतण्यातून टेकड्या वाढत गेल्या. लोक त्यांना सरळ सायनाइड डंप म्हणतात. अशा तेरा टेकड्या आहेत आणि त्यांत सुमारे सव्वातीन कोटी टन भुकटी असल्याचा अंदाज आहे. ‘केजीएफ’ चित्रपटातले धुळीचे डोंगर तेच.

सुरुवातीला इथल्या खडकात टनामागे चाळीस ग्रॅमहून जास्त सोनं मिळे. शेवटी ते तीन-चार ग्रॅमवर आलं आणि तेही तीन किलोमीटरहून खोलवर. १९५६ मध्ये खाणी सरकारच्या झाल्या, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स लिमिटेड स्थापन झाली आणि २००१ मध्ये काम थांबलं. तोवर आठशे टनांहून अधिक सोनं बाहेर गेलं होतं. आता टेकड्यांच्या भुकटीत टनामागे एक ग्रॅमहूनही कमी सोनं उरलंय. पण खडक आधीच कुटलेला, माल जमिनीवर पडलेला, आणि सोन्याचा भाव चढता. त्यामुळे लिलावाची चर्चा पुन्हा पुन्हा होते.

वाऱ्याच्या दिवसांत ही बारीक भुकटी उडते आणि घरात, पाण्यात, ताटात येऊन बसते. खाणीच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार झालेल्या मजुरांच्या पिढ्या याच गावात राहिल्या. खाण बंद झाल्यावर कित्येकांची मुलं पहाटेच्या गाडीने बंगळुरूला कामाला जाऊ लागली, पण घर मात्र टेकडीच्या सावलीतच राहिलं.

म्हणून पेरुंगुडीचा आणि केजीएफचा हिशेब एकाच वहीत मांडायला हवा. पेरुंगुडीत ढीग उपसतात तो जागा मोकळी करण्यासाठी, केजीएफमध्ये उपसतील तो सोन्यासाठी. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: धूळ कोणाच्या वाट्याला? टेकड्यांचा लिलाव करायचाच असेल, तर उडणारी भुकटी बांधून ठेवण्याची, उरलेली जमीन झाडांनी झाकण्याची आणि गावात कायमचा दवाखाना चालवण्याची अट आधी लिहावी, बोली नंतर. सोनं एकदा गावाबाहेर गेलंच आहे. दुसऱ्यांदा नेताना धूळ गावात ठेवून जाण्याचा हक्क कोणालाही नाही.