आभाळातून पडलेली डबी



बटाट्यावर करपा नुसत्या गारठ्याने येत नाही. गारठा आणि पानावरची ओल एकाच वेळी जमली, की तो फोफावतो. म्हणून थंडी एका जागी मोजली नि ओल दुसऱ्या जागी, तर तिचा उपयोग काय? हवेची लक्षणं एकत्रच मोजायला हवीत. हे जमायला फार काळ गेला. त्याचीच ही हकीकत.

मापकं जुनीच होती, पण सुटी सुटी. १७८३ साली सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने माणसाच्या केसावर हवेतली ओल मोजण्याचं यंत्र जगापुढे मांडलं. दमट हवेत केस लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. दोन धातूंची जोडपट्टी उष्णतेने वाकते, ती तापमान सांगते. हवा काढलेली पत्र्याची बंद डबी उंचावर दाब कमी झाला की फुगते, ती दाब सांगते. केस, पट्टी आणि डबी ही तिन्ही एकाच सांगाड्यात बसवून ते यंत्र पतंगाला, नाहीतर फुग्याला बांधून वर सोडू लागले.

फुगा वर जाऊन फुटायचा आणि यंत्र कुठंतरी शेतात-रानात पडायचं. नोंद यंत्रातच! ते परत मिळालं नाही, तर सगळी मेहनत वाया. म्हणून आणून देणाऱ्याला बक्षीस ठेवत. फ्रान्समध्ये तेसराँ द बोर यांनी असेच शेकडो फुगे सोडले. सुमारे ११ किलोमीटरच्या वर थंडी वाढायची थांबते, हे त्यांनी १९०२ साली जाहीर केलं. ज्यांनी यंत्रं जपून परत केली, त्यांचाही या शोधात वाटा आहे. आपल्याकडे आग्र्याहून आणि १९२८ पासून पुण्याहूनही असे फुगे सोडले गेले.

मग रेडिओ मदतीला आला. १९२९ साली फ्रान्सच्या रॉबेर ब्यूरो यांनी आणि १९३० साली रशियाच्या मोल्चानोव यांनी रेडिओ लावलेलं यंत्र वर पाठवलं. आता नोंद थेट आभाळातून जमिनीवर येऊ लागली. १९४०च्या दशकात भारतीय हवामान खात्याने स्वतःची अशी यंत्रं घडवली.

याच खात्याने १९३२ साली पुण्यात शेतीहवामानाचा विभाग काढला होता. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमी आकाशवाणीवर येऊ लागली.

२०१७ पासून महाराष्ट्रात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. पाऊस, तापमान, ओल आणि वारा हे सारं एकाच खांबावर मोजलं जातं. फळपीक विम्याची भरपाई याच आकड्यांवर ठरते. म्हणजे तो खांब तुमचा नसला, तरी त्याचा हिशेब तुमच्या बागेचा आहे.

तेव्हा एवढं सांभाळा :

१. केंद्राजवळ कडब्याची गंजी रचू नका, झाड वाढू देऊ नका, जनावर बांधू नका. आडोसा आला, की वारा नि पाऊस चुकीचा मोजला जातो.

२. यंत्राशी कुणाला खेळ करू देऊ नका. एकाच्या खोडीने सगळ्या मंडळाचा हिशेब बिघडतो.

३. पर्जन्यमापकात पालापाचोळा दिसला किंवा खांब कलला, तर स्वतः हात न लावता तालुका कृषी कार्यालयाला लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या.

४. फुटक्या फुग्यासकट एखादी डबी शेतात पडली, तर घाबरू नका. ती फोडू नका, पोलीस पाटलांना दाखवा.

पूर्वी शेतात पडलेली डबी परत केली, म्हणून आभाळ कळलं. आज बांधाजवळचा खांब जपला, तर आपल्या शिवाराचं हवामान खरं कळेल. राम राम!