लोखंडी काडतूस : धातु आणि जुळणी

जुन्या दफ्तरांतील दारूगोळ्याच्या याद्या छापतांना गोळ्यांची संख्या कसोशीनें दिली जाते. धातूविषयीं मात्र फारशी चौकशी होत नाहीं. शस्त्रसंग्रहांतील रिकाम्या पुंगळ्यांचीहि तीच गत आहे. पुंगळी पितळी असल्यास ‘उत्तम’ आणि लोखंडी असल्यास ‘निकृष्ट’, एवढा शेरा मारला कीं नोंद पुरी झाली असें समजतात. हा शेरा पुराव्यास धरून नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

संस्कृतांत ‘लोह’ हा शब्द प्रथम तांबूस धातूस, म्हणजे तांब्यास लावीत. काळ्या धातूस ‘कृष्णायस’ अशी संज्ञा होती. पुढें ‘लोह’ म्हणजे लोखंड असाच अर्थ रूढ झाला. काडतुसाच्या इतिहासांतहि तांब्याच्या जागीं असेंच लोखंड येऊन बसलें. पण तें सुखासुखी बसलें नाहीं.

प्रारंभ अहेरीपासून करूं. अहेरीच्या जुन्या जमीनदारीचा मुलूख पूर्वीं चांदा जिल्ह्यांत होता. १९८२ पासून तो गडचिरोली जिल्ह्यांत मोडतो. सुरजागडच्या डोंगरामुळें येथील लोहखनिज सर्वांस ठाऊक आहे. जुन्या देशी रीतीनें मातीच्या लहान भट्टींत लांकडी कोळसा व भाता यांच्या साह्यानें लोखंड काढीत. या भट्टींत लोखंडाचा रस होत नसे. सच्छिद्र गोळा निघे व तो घणानें ठोकून घट्ट करावा लागे. अशा लोखंडाचा तोफगोळा ओतून करतां येत नाहीं, घडवावाच लागतो. आणि घडविलेला गोळा अगदीं वाटोळा होणें कठीण. तो नळीहून फार लहान असल्यास दारूचा जोर बाजूनें निसटतो, मोठा असल्यास अडकतो, आणि खडबडीत असल्यास पंचरशी तोफेची मऊ नळी ओरखडतो. येथें दोष धातूचा नसून गोळा व नळी यांच्या जुळणीचा आहे. काडतुसासहि हाच न्याय लागू पडतो.

खडकी येथील काडतुसांचा कारखाना १८६९ सालचा. त्या काळच्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या काडतुसाचें अंग पातळ पितळी पत्र्याच्या गुंडाळीचें आणि बूड लोखंडी चकतीचें असे. १८८५ च्या जानेवारींत सुदानांतील अबू क्लीआच्या लढाईंत हीं काडतुसें तापलेल्या बंदुकींत अडकलीं. आंकडा लोखंडी बूड ओढून काढी आणि पितळी गुंडाळी आंतच राही. म्हणजे अडकलें तें पितळ, लोखंड नव्हे. उपाय झाला तो अखंड पितळ ओढून घडविलेल्या पुंगळीचा.

पितळाचा गुण असा कीं, बार होतांच तें फुगून कोठीच्या भिंतीस चिकटतें, धूर मागें येऊं देत नाहीं, आणि दाब उतरतांच आंत आकसून सुटें होतें. पोलाद इतकें आकसत नाहीं. .३०३ च्या बंदुकींत शिपाई हाताच्या जोरानें पुंगळी बाहेर काढी, म्हणून थोडें अडखळणें खपून जाई. आपोआप भरणाऱ्या रायफलींत तें काम नळींतील वायु दट्ट्याला मागें लोटून करतो. जोर कमी पडला कीं बंदूक थांबलीच.

दुसऱ्या महायुद्धांत (१९३९-४५) तांब्याची टंचाई पडल्यामुळें जर्मनीनें रोगण दिलेल्या पोलादी पुंगळ्या काढल्या. अमेरिकेंतहि एव्हन्सव्हिल येथें .४५ च्या काडतुसांस पोलादी पुंगळ्या केल्या गेल्या. रशियानें १९४३ सालीं सिद्ध केलेल्या ७.६२ × ३९ मिलिमीटर काडतुसाची पुंगळी तर पुढें स्पष्ट निमुळती ठेविली. असा निमुळता आकार केसभर मागें सरला कीं चोहोंकडून सुटा होतो. १९४७ च्या कलाश्निकोव्ह रायफलीस वायूचा जोरहि मुबलक दिला. सारांश, तेथें स्वस्त धातु गृहीत धरूनच बंदूक घडविली गेली. उलट, १९६२ च्या युद्धानंतर आपल्या सैन्यांत आलेल्या ईशापूरच्या सेल्फ-लोडिंग रायफलीचें काडतूस फारसें निमुळतें नाहीं. तिला वायु कमीअधिक करण्याची चकती आहे. १९८० नंतर गडचिरोलीच्या अरण्यांत झालेल्या सशस्त्र संघर्षांत या दोन्ही जातींच्या रायफली वावरल्या.

लोखंडी काडतुसावर येणारे आरोप निरनिराळे करून पाहिले पाहिजेत. पोलादी पुंगळी भिंतीस घट्ट बसत नसल्यानें कोठींत काजळी धरते. मग त्याच कोठींत पितळी काडतूस भरलें तर तें अडकतें आणि बोल रोगणास लागतो. गंज चढतो तो बहुधा टोपींतील क्लोरेटाच्या क्षारामुळें. हा क्षार पाण्यांत विरघळतो, नुसत्या तेलानें जात नाहीं, म्हणूनच.३०३ चे शिपाई, पुंगळी पितळी असूनहि, नळींत उकळतें पाणी ओतीत. अहेरीसारख्या पावसाच्या मुलखांत तर असा क्षार लवकर ओल धरतो. कोठी स्वच्छ, आंकडा शाबूत, वायूचें माप योग्य आणि पुंगळीचा आकार अनुकूल असेल, तर लोखंडी काडतूस बिनबोभाट चालतें.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी. तांब्याचा मुलामा दिलेलें पोलाद पितळासारखें दिसतें. पुंगळी व गोळी यांस वेगवेगळें लोहचुंबक लावून पाहावें. रोगण खरवडूं नये, तोच पुरावा आहे. पुंगळीच्या अंगावरील काजळी व कडेवरील आंकड्याचे ओरखडे टिपून ठेवावे; ती कोठींत कशी बसली व कशी निघाली, याची साक्ष तेच देतात. जिवंत काडतूस मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून बाळगतां येत नाहीं. तें सांपडल्यास न हाताळतां पोलिसांस कळवावें. आणि यादी जुनी असो वा नवी, ‘निकृष्ट’ हा शब्द लिहिण्यापूर्वीं तें काडतूस कोणत्या बंदुकीसाठीं होतें, हें आधीं लिहावें.