रत्नागिरी स्टेशन : जमिनी दिल्या, आता सोयीही घेऊया

आज बचत गटाचा हिशेब थोडा बाजूला ठेवू आणि आपल्या कुवारबावच्या रेल्वे स्टेशनाबद्दल बोलू. आपण तिथे जातो ते माणसं आणायला नाहीतर पोचवायला. पण हे स्टेशन आलं कसं, आणि त्यात आपल्यासाठी काय आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

आपल्या आज्यांच्या काळात मुंबईला जायचं म्हणजे आगबोट. ती भर समुद्रात थांबायची आणि पडावातून किनाऱ्याला यावं लागायचं. पोर काखेला, गाठोडं डोक्यावर. पावसाळ्यात बोटी बंद. पुढे एस.टी. आली, पण कशेडीचा घाट आणि रात्रभरचे धक्के होतेच. घरचा चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला दिसायचा. एरवी मनीऑर्डर आली की तो बरा आहे, असं समजायचं.

रेल्वे कोकणाकडे सरकत होती, पण मुंगीच्या पावलांनी. 1964 मध्ये ती पनवेलला आली, 1966 मध्ये आपट्याला. तिथून रोह्याला पोचायला 1986 साल उजाडलं. अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी ही मागणी वर्षानुवर्षं लावून धरली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं आणि ई. श्रीधरन यांच्या हाती काम आलं. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चारही राज्यांनी पैसा घातला. 26 जानेवारी 1998 पासून सगळा मार्ग सुरू झाला.

आपल्या तालुक्यात या कामाने डोंगर पोखरले. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. तो झाला तेव्हा देशात त्याच्याएवढा लांब रेल्वे बोगदा दुसरा नव्हता. निवसरच्या बाजूला पानवल नदीवरचा पूल 64 मीटर उंच. गाडीतून खाली बघितलं तर अजून पोटात गोळा येतो.

या मार्गासाठी हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. कुणाची भातशेती गेली, कुणाची कलमं. मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळाला. त्या जमिनीत लावणी-कापणी करणाऱ्या बायकांची नावं किती सातबाऱ्यांवर होती, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून आम्ही म्हणतो, या स्टेशनात बायकांचाही वाटा आहे. तो मागायला लाजायचं कारण नाही.

काय काय मागता येतं, तेही ऐका. आरक्षण करताना 45 वर्षांपुढच्या बाईला, जागा शिल्लक असेल तर, खालचा बर्थ मिळतो. वय बरोबर लिहा. प्रवासात त्रास झाला, सामान गेलं, कुणाला बरं वाटेनासं झालं, तर 139 नंबर फिरवा. लेकींना तो पाठ करून द्या. आणखी एक. 1989 च्या रेल्वे कायद्याप्रमाणे एकट्या बाईला, तिच्याकडे तिकीट नसलं तरी, रात्री गाडीतून उतरवता येत नाही. याचा अर्थ फुकट जावं असा नाही, दंड भरावाच लागतो. पण अंधारात कुणी खाली उतर म्हणून दटावलं तर घाबरायचं नाही.

2022 मध्ये सगळ्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. पण रोहा ते वीर एवढा तुकडा सोडला तर रूळ अजून एकेरीच आहेत. समोरून गाडी आली की आपली थांबते, आणि पॅसेंजरला तर सगळ्यांनाच वाट द्यावी लागते. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळापत्रकही बदलतं. 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ झालेला अपघात कोकण विसरलेलं नाही. तेव्हा पावसात गाडी उशिरा आली तर चिडू नका. निघण्याआधी पावसाळी वेळ मात्र विचारून घ्या.

शेवटी आपल्या कामाचं. 2022-23 च्या अर्थसंकल्पात 'एक स्टेशन, एक उत्पादन' ही योजना जाहीर झाली. स्थानिक कारागिरांना आणि बचत गटांना तिच्यात ठरावीक दिवसांसाठी स्टेशनावर विक्रीची जागा मिळू शकते. आपली आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ आपण आठवडी बाजारात विकतो. स्टेशनावर तर गिऱ्हाईक स्वतः चालत येतं, तेही मुंबईला काहीतरी न्यायचंच या विचाराने. मात्र खाण्याच्या मालाला अन्नसुरक्षेची नोंदणी हवी आणि पाकिटावर तारीख, वजन हवं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने नोंदणीचे कागद घेऊन या. अर्ज कसा करायचा ते दोघीजणी स्टेशनावर जाऊन विचारून येऊ. ज्या रुळांखाली आपली शेतं गेली, त्यांच्या शेजारी आपल्या मालाचं एक टेबल लागायला हवं.