एक कान, चार लगाम: मिरजेची जवारी आणि संगणकातला मॅक्रो

मी पलूसची आहे म्हटलं की दोन प्रकारचे प्रश्न येतात. बहुतेक लोक द्राक्षांचं आणि किर्लोस्करवाडीचं विचारतात. संगीतातली माणसं मात्र हमखास म्हणतात, "म्हणजे पलुसकरांचं पलूस का?" हो, तेच. विष्णु दिगंबरांचं मूळ आडनाव गाडगीळ. घराणं पलूसचं म्हणून पलुसकर झालं. त्यांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, मग गाणं शिकायला मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आले, आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. हा सगळा इतिहास आमच्याकडे शाळेतच पाठ होतो. मी भौतिकशास्त्राची, त्यामुळे त्यात माझं काही नाही असं मला बरीच वर्षं वाटायचं.

आता पीएचडी करतेय ती तंबोऱ्यावर. नेमकं सांगायचं तर संगणकात तंबोऱ्याचं गणिती मॉडेल करून त्यातून आवाज काढण्यावर. आणि गेलं वर्षभर मी अडकले होते ते एका नॉबवर. आजी म्हणते तसं, "एक कान पिळायला पोरीला वर्ष लागलं." रेडिओचा कान पिळायचा तसाच हा कान, फक्त पडद्यावरचा. त्याला सॉफ्टवेअरवाले मॅक्रो म्हणतात.

मॅक्रो म्हणजे काय ते आधी सांगते. सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये आवाजाला आकार देणाऱ्या शंभर-दोनशे गोष्टी असतात: फिल्टर किती उघडा, आवाज किती वेळात विरतो, किती खरखरीत आहे, वगैरे. गाताना-वाजवताना एवढ्या गोष्टी कोण हलवणार? म्हणून एकच कान घ्यायचा आणि त्याला चार-पाच गोष्टी बांधायच्या. कान फिरवला की एक वाढते, दुसरी कमी होते, तिसरी जरा उशिरा हलायला लागते. एका हातात चार लगाम. एबलटन लाइव्हच्या सहाव्या आवृत्तीत, २००६ मध्ये, असे आठ कान एका चौकटीत आले. २०१४ च्या सीरममध्ये चार आहेत. पण बांधणं सोपं असतं. कुठली गोष्ट कुठपासून कुठपर्यंत हलेल आणि मधल्या वाटेत कशी हलेल, हे ठरवणं अवघड.

एक आकडा घेऊ. फिल्टर २०० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत उघडायचा आहे. सरळ रेषेत बांधला तर कान निम्म्यावर आला की फिल्टर ४१०० वर असतो. कागदावर हे बरोबर दिसतं. पण आपला कान बेरीज-वजाबाकी ऐकत नाही, पटी ऐकतो. २०० ते ४१०० म्हणजे साडेवीस पट, चार सप्तकांपेक्षा जास्त. उरलेल्या निम्म्या फेरीत जेमतेम एक सप्तक. म्हणजे पहिल्या अर्ध्यात सगळा तमाशा उरकतो आणि नंतर काही घडतच नाही. तेच पटीच्या हिशेबानं बांधलं तर मध्यावर १२६५ च्या आसपास येतं, आणि फेरी सारखी वाटते. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये व्होल्टेजवर चालणारा सिंथेसायझर उभा केला तेव्हा हा हिशेब यंत्रातच घातला होता: एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर. त्यांचं एक यंत्र १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत आलं, डेव्हिड ट्यूडर यांनी ते तिथं बसवून दिलं. एकच व्होल्टेज वायरींनी तीन ठिकाणी नेलं की झाला मॅक्रो, नाव तेवढं तेव्हा नव्हतं.

मला वाटायचं ही गोष्ट इथूनच, म्हणजे १९६४ पासून सुरू होते. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा मसुदाही तसाच होता. तो बदलावा लागला, कारण किर्लोस्करवाडीच्या स्टेशनवरून तासाभरात मिरज येतं.

मिरजेच्या तंबोऱ्याची गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू होते. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, घडवणारे. पटवर्धनांच्या मिरजेत त्यांना काम होतं, पण इंग्रजी अमलात तलवारींची गरज आटली. फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यं बनवायला घेतली असं सांगतात. पुढं घराण्याची घराणी त्या कामात आली आणि आडनावंच सतारमेकर झाली. पंढरपूर भागातला कडू भोपळा, तूनचं लाकूड, आणि कानस धरायची जुनी सवय. पुढं बाळकृष्णबुवा, अब्दुल करीम खाँसाहेब अशी मोठी गिऱ्हाईकं गावातच राहायला आली. खाँसाहेब १९३७ मध्ये वारले, त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याजवळ आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट, जवारी. तंबोऱ्याच्या भोपळ्यावरच्या तबकडीवर घोडी असते. व्हायोलिनच्या घोडीला धार असते, तार एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिला अगदी पुसट असा उतार असतो. तार त्या उतारावर पसरते आणि कंप पावताना दर वेळी त्याला चाटून जाते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवतात. हा दोरा तारेला केसभर उचलतो. तो योग्य जागी आला की आवाज एकदम फुलतो, त्यात झणकार येतो. याला जवारी लागली म्हणतात. दोऱ्याला कुणी कुणी 'जीव' म्हणतात, आणि ते बरोबर आहे. जागा चुकली की आवाज एकीकडे मुका होतो, दुसरीकडे पत्रा वाजल्यासारखा.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हे किती चमत्कारिक आहे ते सी. व्ही. रामन यांनी दाखवलं. १९२१ मधला त्यांचा छोटासा लेख आहे, वीणा आणि तंबोऱ्यावरचा. पाठ्यपुस्तकात एक नियम असतो: तार जिथं छेडाल, तिथं ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू येतो ते स्वरांश ऐकू येणार नाहीत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा असे सगळे सम स्वरांश गायब व्हायला हवेत. तंबोऱ्यात ते गायब होत नाहीत, चांगले ठणठणीत ऐकू येतात. कारण घोडी. तार घोडीला चाटत असल्यामुळे ती साधी दोन टोकांना बांधलेली तार राहत नाही. खालच्या स्वरांशांतली ऊर्जा वरच्यांकडे वाहत राहते. म्हणून खर्जाच्या तारेतून, कुणी न छेडता, पाचव्या स्वरांशाचा गंधार डोकावतो. गायक लोक त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

म्हणजे बघा, दोरा मिलिमीटरचा अंश एवढा सरकतो आणि एकाच वेळी किती गोष्टी बदलतात: तार घोडीला कुठं टेकते, किती वेळ टेकते, वरचे स्वरांश किती उठतात, किती हळू विरतात, आवाज किती मोठा वाटतो. एक कान, अनेक लगाम. आणि ते लगाम कोणी बांधले? घोडीला कानस मारून तिचा उतार ठरवणाऱ्या कारागिरानं. गायक मैफलीआधी फक्त दोरा सरकवतो. त्या सरकवण्यातून कुठून कुठपर्यंतचा आवाज मिळणार आणि मध्ये काय काय लागणार, हे मिरजेतल्या बाकावर आधीच ठरलेलं असतं. घोडीचा उतार हाच मॅक्रोचा वक्र. मूग यांच्या आधी शतकभर.

याच भागात उलटा प्रयोगही झाला, तो सांगायला हवा. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. साताऱ्याला न्यायाधीश असलेले क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले, अब्दुल करीम खाँसाहेबांनी गळ्यानं मदत केली, आणि बावीस श्रुतींची पेटी लंडनमध्ये बनवून घेतली गेली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ही श्रुतींची मांडणी आली आणि पंडितांना ती पटली नाही. वादाचे मुद्दे बरेच होते, त्यात मी शिरत नाही. मला दिसतं ते एवढंच, की देवलांनी प्रत्येक बारीक फरकाला वेगळी पट्टी दिली. गळा मात्र एका श्रुतीवरून दुसरीवर पट्ट्या मोजत जात नाही, घसरत जातो. नियंत्रणं वाढवली म्हणून हातात जास्त काही येतंच असं नाही. तरी देवलांबद्दल मला आदर आहे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तारा मोजत बसणारा माणूस आमच्या जिल्ह्यातला, हे मला फार उशिरा कळलं.

असो. माझ्या मॉडेलमध्ये मी 'जवारी' नावाचा एक कान केला आणि त्याला चार गोष्टी बांधल्या: दोऱ्याची जागा, तार-घोडी स्पर्शाचा कडकपणा, वरचे स्वरांश विरण्याचा वेग, आणि एकूण पातळी. चारही सरळ रेषेत, शून्य ते शंभर. परिणाम असा की सत्तरपर्यंत काही फरक कळेना आणि पंचाहत्तरला गांधीलमाशी सुटली. मार्गदर्शकांनी वक्र बदलून बघायला सांगितलं. वर्ग करून बघितला, घन करून बघितला. फरक पडला, पण तंबोरा काही झाला नाही.

शेवटी लॅपटॉप आणि हेडफोन घेऊन मिरजेला गेले. एका दुकानात सत्तरीच्या आसपासचे कारागीर बसले होते, मी त्यांना चाचा म्हणायचे. आधी त्यांनी चहा पाजला. मग हेडफोन लावून, माझ्याकडून माउस घेऊन, कान सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. परत आणला. मग शंभराकडं बोट करून म्हणाले, "हे इथनं पुढं कशाला ठेवलंय? तिथं कोण जातंय?"

मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण रेंज द्यायची पद्धत असते.

"आमी घोडी अशी घासतो की चुकायला जागाच ऱ्हाऊ नये. गाणारा घाईत असतो, बाळ."

मग त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. चार तारांना चार दोरे असतात आणि चारही वेगवेगळ्या जागी बसतात. खर्जाची तार जाड, पितळेची. जोडीच्या तारा बारीक, पोलादी. माझा कान चारही तारांना एकसारखा ओढत होता. त्यांनी समोरच्या तंबोऱ्यावर चारही दोरे मुद्दाम एका रेषेत आणून वाजवून दाखवले. बेसूर नव्हता, पण चार माणसं एकाच वेळी बोलत असल्यासारखा वाटत होता.

परत आल्यावर तीन बदल केले. पूर्ण रेंज कापून मधला छोटा पट्टा तेवढा ठेवला आणि तोच शून्य ते शंभर असा पसरला. दुसरं, पातळीचा वक्र उलटा केला. झणकार वाढला की आवाज आपोआप मोठा वाटतो, म्हणून पातळी तेवढीच खाली येते. नाहीतर माणूस मोठं म्हणजे चांगलं समजतो आणि कान टोकाला नेऊन ठेवतो. तिसरं, प्रत्येक तारेला मुख्य कानापासून थोडं मागं-पुढं राहायची मुभा दिली. आणि दोऱ्याच्या जागेचा वक्र आता चढत जात नाही, टेकडीसारखा आहे: मध्यावर गंधार दिसतो, दोन्हीकडं हळूहळू मावळतो. वर्णपटात पाचव्या स्वरांशाची उंची बघून ही टेकडी तपासता येते, त्यामुळे परीक्षकांपुढं 'चाचांना आवडलं' एवढंच सांगायची वेळ येणार नाही.

एक गोष्ट मात्र कुठल्याच वक्रात बसलेली नाही. निघताना त्यांनी विचारलं होतं, "हे झाल्यावर आमच्याकडं कोण येणार गं?" इलेक्ट्रॉनिक तंबोरा आला १९७९ मध्ये, बंगळूरच्या राज नारायण यांचा. आता मोबाइलमध्ये फुकट मिळतो. क्लासला जाणारी बहुतेक पोरं त्यावरच गातात, मीही तशीच शिकले. खऱ्या घोडीवर तारेनं खाचा पडतात आणि काही काळानं जवारी पुन्हा काढावी लागते, म्हणून गिऱ्हाईक परत दुकानात येतं. माझ्या घोडीवर खाच पडत नाही. मी त्यांना म्हणाले की सॉफ्टवेअरवर शिकलेल्याला खरा तंबोरा घ्यावासा वाटेल. हे मी त्यांच्याकडं बघत म्हणू शकले नाही.

दिवाळीत पुन्हा जाणार आहे. त्यांच्याकडं जवारी काढायला आलेल्या घोड्यांचा उतार, घासायच्या आधी आणि नंतर, मोजून ठेवायचा असं ठरलंय. अट त्यांची: मोजमापाच्या फाइलवर घोडी कोणी घासली त्याचं नाव असलं पाहिजे. फाइलच्या नमुन्यात तो रकाना मी सगळ्यात वर घातलाय.