टोलची वाट

ग्रँड कॅनियनमध्ये उतरायला एके काळी टोल पडायचा. जनावरावर बसून जाणाऱ्यामागं एक डॉलर. वसूल करणारा राल्फ कॅमेरून नावाचा माणूस पुढं अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसला, आणि त्याचा टोल चुकवायला एका रेल्वे कंपनीनं आणि नंतर खुद्द सरकारनं कडे फोडून नव्या वाटा काढल्या. आज हजारो माणसं ज्या वाटांनी चालतात, त्यांतल्या काही अशा भांडणातून निघाल्यात.

मी जुन्नरची. शाळेत इतिहास शिकवण्यात नोकरी गेली. आमच्या नाणेघाटाच्या माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात त्यात जकातीची नाणी पडत, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. घाट म्हटला की तो कुणी खोदला आणि पैसे कुणी घेतले, हे विचारायची मला सवयच आहे. फिनिक्सला लेकीकडे गेले तेव्हा जावयानं कौतुकानं कॅनियनच्या दक्षिण कड्यावर नेलं. समोर 446 किलोमीटर लांबीची, काही ठिकाणी 29 किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरहून खोल दरी. बघून बोलती बंद होते, हे खरंच. पण त्या देखाव्याचं वर्णन इतक्या जणांनी केलंय की त्यात मी भर घालत नाही. माझं लक्ष गेलं खाली, कड्याला बिलगून नागमोडी उतरणाऱ्या बारीक पांढुरक्या रेघेकडे.

ती ब्राइट एंजल वाट. तिथंच का, याचं उत्तर दगडात आहे. कॅनियनचे कडे पायऱ्यांसारखे एकाखाली एक आहेत आणि त्यांतला रेडवॉल नावाचा चुनखडीचा कडा सरळसोट, दीडशे मीटरच्या आसपास उंच. तो उतरणं माणसाचं काम नाही. पण इथं जमिनीत मोठा भ्रंश आहे. थर तुटून खालीवर सरकलेत, कडा फुटलाय, फटीत दरड साचलीय. सह्याद्रीत नाळेनं उतरावं तसं या फटीतून उतरता येतं. साडेसात किलोमीटरवर, वाटेच्या मध्यावर, बारमाही पाणी आहे. वाट आणि पाणी एकत्र सापडणं हे त्या वाळवंटात फार मोठं भाग्य.

ते ज्यांना माहीत नव्हतं त्यांची काय गत झाली, ते 1540 सालच्या हकिगतीत आहे. गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार होपी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या वाटाड्यांबरोबर दक्षिण कड्यावर आला. त्याच्या तिघा चपळ माणसांनी तळाची कोलोरॅडो नदी गाठायचा प्रयत्न केला आणि दुपारी चारच्या सुमारास ते परत वर आले. एक तृतीयांश अंतरच उतरता आलं, म्हणाले. वरून पुरुषभर उंचीचे वाटणारे खडक जवळ गेल्यावर सेव्हिलच्या मोठ्या मनोऱ्याहून उंच निघाले. होपींना खाली जायच्या वाटा चांगल्या ठाऊक होत्या. त्यांनी त्या दाखवल्या नाहीत, एवढंच. मला त्यांचं शहाणपण आवडतं.

वाटेच्या मधल्या पाण्यावर हवासुपाई या दुसऱ्या मूळ रहिवासी जमातीची शेती होती. मका, घेवडा, भोपळा. उन्हाळ्यात दरीत शेती करायची, हिवाळ्यात वर पठारावर शिकारीला जायचं, असा त्यांचा वर्षाचा फेरा. वाट त्यांच्याच पायांनी पडलेली. आपल्या गावाकडच्या भाषेत सांगायचं तर वहिवाट त्यांची होती, कागद नव्हता. 1882 मध्ये सरकारनं त्यांना राखीव जमीन नेमून दिली ती पश्चिमेच्या एका उपदरीतली 518 एकर. पठार गेलं, शिकार गेली.

कागद होता कॅमेरूनकडे. 1890-91 मध्ये त्यानं आणि पीट बेरी वगैरे साथीदारांनी हवासुपाईंच्या पायवाटेवर सुरुंग लावून ती रुंद केली आणि टोलरस्ता म्हणून नोंदवली. खाणीसाठी आलेली माणसं ती. पण खनिजापेक्षा प्रवाशांत जास्त पैसा आहे हे त्यांना लवकर कळलं. 1901 च्या सप्टेंबरात सांता फे रेल्वे कड्यापर्यंत पोचली. घोडागाडीच्या भाड्याच्या मानानं तिकीट अगदीच स्वस्त, चार डॉलरच्या आत. माणसं लोटली. कॅमेरूननं वाटेच्या तोंडाशी आणि झऱ्याशी खाणींचे दावे ठोकून ठेवले होते. दाव्यात धातू नव्हता, मोक्याची जागा होती. झऱ्यावरचं पाणी आणि शौचकूप यांचेही तो वेगळे पैसे घेई.

रेल्वेचं मोठं हॉटेल, एल टोवार, 1905 मध्ये कड्यावर उभं राहिलं. पण हॉटेलातला पाहुणा खाली उतरायचा तर कॅमेरूनच्या हातात डॉलर ठेवूनच. कंपनीनं मग 1911 च्या सुमारास पश्चिमेला हर्मिट नावाची स्वतःची वाट बांधली, दगडी फरसबंदीची, आणि खाली छावणी थाटली.

टोलनाक्याजवळच एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब हे दोघे भाऊ फोटो काढत. खेचरांवरून उतरणाऱ्या पाहुण्यांचे फोटो सकाळी काढायचे आणि ते परत वर येईपर्यंत छापून तयार ठेवायचे, असा धंदा. पण फोटो धुवायला स्वच्छ पाणी कड्यावर नव्हतं. ते साडेसात किलोमीटर खाली, झऱ्यावर. एमरी काचा घेऊन पळत खाली जाई, तिथल्या अंधाऱ्या खोलीत फोटो तयार करी आणि पळत वर येई. उतार-चढ जवळजवळ नऊशे मीटरचा. मी ती वाट चालल्यावर या माणसाबद्दल माझा आदर दुणावला. 1911-12 मध्ये भावांनी होडीतून नदीचा प्रवास करत चलच्चित्र काढलं, आणि एमरी ते 1976 मध्ये मरेपर्यंत आपल्या स्टुडिओत लोकांना दाखवत राहिला.

थिओडोर रूझवेल्टनं 1908 मध्ये कॅनियनला राष्ट्रीय स्मारक केलं, 1919 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. कॅमेरून हलला नाही. त्याच्या खाणदाव्यांवरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1920 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला: हे दावे खाणीचे नव्हेतच. तो तरीही हलला नाही. उलट त्याच वर्षी निवडून येऊन 1921 पासून सिनेटर झाला आणि उद्यानाच्या खर्चाच्या तरतुदीलाच कात्री लावायला लागला. न्यायालयात हरलेला माणूस तिजोरीच्या दारात उभा, हे चित्र आपल्याकडच्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. वाटेची मालकी तोवर जिल्हा प्रशासनाकडे गेली होती, उद्यानाकडे आली नव्हती; टोल चालूच. शेवटी उद्यान खात्यानं रेल्वेचाच मार्ग धरला आणि 1924-25 मध्ये दक्षिण कायबाब ही संपूर्ण नवी वाट एका उघड्या धारेवरून खोदून काढली. तिच्यावर पाणी नाही, सावली नाही. आज तिथून उतरणारा प्रत्येक जण या गैरसोयीबद्दल कॅमेरूनलाच बोल लावू शकतो.

मग येतं 1928 साल. माझ्या मते या दरीच्या इतिहासातलं सगळ्यांत बोलकं वर्ष हेच.

त्या वर्षी तळाला कोलोरॅडो नदीवर 134 मीटर लांबीचा झुलता पूल पुरा झाला. बाकीचं सामान खेचरांनी नेलं. पण पुलाचे पोलादी दोर प्रत्येकी दीडशे मीटरहून लांब आणि वजनाला टनभर. दोर तोडता येत नाही, त्याचं वेटोळं खेचराला पेलत नाही. तेव्हा दोर पूर्ण उलगडून बेचाळीस माणसांच्या खांद्यांवर दिला. त्यांत बहुतेक हवासुपाई. एकामागं एक रांग धरून दहा किलोमीटर उतार, माणशी वीस-पंचवीस किलो. वजन फार वाटत नाही. पण अरुंद वळणावर बेचाळिसांतल्या एकाचाही पाय निसटला तर दोर सगळ्यांना खेचणार. असे दहा दोर त्यांनी खाली नेले.

त्याच वर्षी ब्राइट एंजल वाट जिल्ह्याकडून उद्यानाकडे आली आणि टोल संपला. आणि त्याच वर्षी मधल्या झऱ्यावरचा शेवटचा हवासुपाई रहिवासी, कॅप्टन बरो, याला तिथून घालवून दिलं. ज्यांच्या खांद्यांवरून पूल आला त्यांच्यातलाच हा माणूस. कॅमेरूनला काढायला न्यायालय, सिनेट आणि पंचवीस वर्षं लागली. बरोला काढायला यातलं काहीच लागलं नाही.

जावई आणि मी त्या झऱ्यापर्यंत जाऊन आलो. पहाटे निघालो, पुढं पुढं तोच. खेचरांचा तांडा आला की वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला सरून स्तब्ध उभं राहायचं, हा तिथला दंडक. दरीकडच्या बाजूला कधीच नाही. दीड आणि तीन मैलांवर दगडी विश्रांतिघरं आहेत, मंदीच्या काळात सरकारनं रोजगार दिलेल्या तरुणांनी 1930 च्या दशकात बांधलेली. त्यांचे दगड इतके नीट बसवलेत की मी हात फिरवून पाहिला. रेडवॉल कड्यातली वळणं उतरून गेलं की अचानक हिरवं दिसतं. कॉटनवुडची मोठी झाडं, त्यांची सळसळ, पाण्याचा ओघळ. मका नाही, घेवडा नाही. तिथली वस्ती कशी असेल याची कल्पना करायला ते पाणीच पुरेसं होतं.

या जागेला शंभर वर्षं ‘इंडियन गार्डन’ म्हणत. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये भौगोलिक नावांच्या अमेरिकी मंडळानं हवासुपाईंच्या मागणीवरून ते बदलून ‘हवासुपाई गार्डन्स’ केलं. त्याआधी, 1975 च्या कायद्यानं, पठारावरची सुमारे 1,85,000 एकर जमीन त्यांना परत मिळाली होती. झरा मात्र उद्यानाकडेच आहे. हवासुपाईंच्या सुपाई गावाला आजही मोटाररस्ता नाही. तिथली टपाल खेचरावरून जाते.

आपली पुष्कळ मंडळी आता लेकीसुनांकडे म्हणून अ‍ॅरिझोनात जातात, कड्यावर उभं राहून फोटो काढतात आणि संध्याकाळी फिनिक्सला परततात. माझं सांगणं एवढंच, की गुडघे ठीक असतील तर दीड मैलाच्या विश्रांतिघरापर्यंत तरी उतरा. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळात चालू नका, पाणी आणि खारं काहीतरी बरोबर ठेवा, आणि उतरायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट चढायला राखून ठेवा.