जोडीदाराकडे जाण्याचा व्हिसा: ब्रिटनच्या नियमांची गोष्ट

माझी एक जुनी विद्यार्थिनी ट्रान्सक्रिप्टच्या कामासाठी कॉलेजात आली होती. ब्रिटनमध्ये एम.एस्सी. करून ती तिथेच ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी करत होती. लग्न नुकतेच झालेले. नवरा पुण्यात, मेकॅनिकलचा पदवीधर, पगार चांगला. "सर, मी त्याला डिपेंडंट म्हणून नेऊ शकत नाही म्हणतात. लग्नाचं सर्टिफिकेट आहे की आमच्याकडे!" मी यंत्रे शिकवणारा माणूस, मला काय उत्तर देता येणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. नियम वाचायला बसलो आणि नियमांच्या मागचा इतिहासच जास्त बोलका निघाला. तुमच्यापैकी अनेकांना पुढेमागे हा प्रश्न पडणार आहे, म्हणून हे टिपण.

सुरुवात १९६२ पासून करू. त्याआधी राष्ट्रकुलातल्या नागरिकाला ब्रिटनमध्ये जाण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. १९६२ च्या कायद्याने व्हाउचर आले. हाती ठरलेली नोकरी असणाऱ्यांना 'ए', ब्रिटनला हवे असलेले कौशल्य किंवा पात्रता असणाऱ्यांना 'बी' आणि उरलेल्यांना 'सी'. भारतातले कितीतरी डॉक्टर, शिक्षक आणि अभियंते 'बी' व्हाउचरवर गेले. याच कायद्याने तिथे राहणाऱ्याच्या बायकोला आणि सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेशाचा हक्क दिला. त्या कलमात 'बायको' आहे, 'नवरा' नाही, हे नीट लक्षात ठेवा. कमावणारा पुरुष पुढे जातो आणि बाई त्याच्यामागून जाते, हे कायदा करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. बाई आधी गेली आणि पुरुष मागून निघाला, तर अधिकाऱ्याच्या नजरेत तो नवरा नसून लग्नाच्या आडून शिरणारा कामगार ठरे. नवऱ्यांच्या प्रवेशावर १९६९ मध्ये निर्बंध आले, १९७४ मध्ये ते सैल झाले आणि १९८० मध्ये पुन्हा आवळले गेले.

म्हणजे बायकांची वाट सुखाची होती असे समजू नका. जानेवारी १९७९ मध्ये पस्तीस वर्षांची एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरली. तेव्हाचा नियम असा होता की, तीन महिन्यांच्या आत लग्न करणार असलेल्या वाग्दत्त वधूला आधी व्हिसा काढावा लागत नसे, पण आधीच लग्न झालेल्या बायकोला प्रवेशपत्र आणावे लागे. ही बाई विवाहित असूनही वाग्दत्त असल्याचे सांगते आहे, असा अधिकाऱ्याला संशय आला. तो फेडून घेण्यासाठी पुरुष डॉक्टरकडून तिची 'कौमार्य चाचणी' करवण्यात आली. वैद्यकशास्त्रात अशा चाचणीला काडीचाही आधार नाही. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी 'गार्डियन'ने ही बातमी छापली, भारत सरकारने निषेध नोंदवला आणि त्या महिन्यात ही पद्धत बंद झाली. सरकारी कागद उघडले गेल्यावर मात्र दिसले की ती बाई एकटी नव्हती. इथल्या ब्रिटिश कचेऱ्यांतही अशा तपासण्या झाल्या होत्या. वर्गात हे सांगताना मला अजूनही अवघडायला होते, पण ते टाळून हा इतिहास सांगता येत नाही.

नवऱ्यांच्या बाजूने लढाई दिली ती तीन बायकांनी. अब्दुलअझीझ, कबालेस आणि बाल्कंदाली ही त्यांची आडनावे, आणि खटलाही याच नावाने ओळखला जातो. तिघीही ब्रिटनमध्ये कायदेशीर स्थायिक होत्या, पण तिघींच्या नवऱ्यांना परवानगी नाकारली गेली होती. (पहिलीचा नवरा पोर्तुगीज नागरिक होता, पण जन्मलेला आपल्या दमणमध्ये.) सरकारचे म्हणणे असे होते की, पुरुष आले की नोकऱ्या मागतात, बायका तितक्या मागत नाहीत, म्हणून देशातल्या बेकारीचा विचार करून हा फरक केला आहे. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २८ मे १९८५ रोजी निकाल दिला की हा लिंगभेद आहे. मात्र जोडप्याने निवडलेल्या देशातच त्यांना राहू दिले पाहिजे असे बंधन सरकारवर नाही, असेही त्याच निकालात म्हटले होते.

आता सांगा, सरकारने हा भेद कसा मिटवला असेल? नवऱ्यांना बायकांइतके हक्क देऊन, असे तुम्ही म्हणाल. झाले उलटे. ऑगस्ट १९८५ मध्ये नियम बदलले आणि नवऱ्यांना लागणारी कसोटी बायकांनाही लावली गेली. समानता आली खरी, पण दोन्ही पारडी खाली दाबून.

ही कसोटी 'प्रायमरी पर्पज' म्हणून कुप्रसिद्ध झाली. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणे हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करायचे. तर्कशास्त्र शिकलेल्यांना यातली मेख लगेच कळेल. आपल्याकडच्या ठरवून केलेल्या लग्नात स्थळ बघताना नोकरी, गाव, पुढे राहणार कुठे, हे सगळे विचारले जातेच. मुलाखतीत मुलाने प्रामाणिकपणे "लग्नानंतर इंग्लंडला राहायचं ठरलंय" म्हटले, की तेच त्याच्याविरुद्ध जाई. "ती इथे आली तरी चालेल" म्हटले, तर मग अर्ज कशाला? हा नियम जून १९९७ मध्ये रद्द झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारांनाही, समलिंगी जोडप्यांसह, वाट मिळाली.

हेतूची कसोटी गेली, पण तिच्या जागी हळूहळू पैशाची आली. जुलै २०१२ पासून ब्रिटिश किंवा तिथे स्थायिक असलेल्या जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान १८,६०० पौंड असणे सक्तीचे झाले. एप्रिल २०२४ मध्ये हा आकडा २९,००० वर गेला. पदवीधरांना इथे खरा चटका बसतो. येऊ पाहणाऱ्याचा भारतातला पगार कितीही असो, या हिशेबात तो शून्य. त्याची साठवलेली रक्कम धरता येते, पण उत्पन्न अजिबात न दाखवता केवळ शिलकीवर जायचे तर सहा महिने हाताशी असलेले ८८,५०० पौंड लागतात. इंग्रजी माध्यमातली पदवी, तिची रीतसर पडताळणी करून घेतली तर, भाषेच्या परीक्षेतून सूट मिळवून देते. या वाटेवर पदवीचा उपयोग एवढाच.

माझ्या विद्यार्थिनीला तर हीही वाट नव्हती, कारण ती तिथे स्थायिक नव्हती. ग्रॅज्युएट व्हिसावर असलेल्याला नवा डिपेंडंट आणता येत नाही. विद्यार्थी असतानाच जो सोबत डिपेंडंट होता, तोच पुढे राहू शकतो. जानेवारी २०२४ पासून तीही सोय पीएच.डी. आणि संशोधनाच्या पदव्यांपुरतीच उरली आहे, साध्या एम.एस्सी.ला ती नाही. मग उरले काय? तिने स्किल्ड वर्कर व्हिसावर जायचे. पदवी लागणाऱ्या कामावर असा व्हिसा मिळाला की जोडीदाराला डिपेंडंट म्हणून नेता येते आणि त्याला तिथे नोकरीही करता येते. किंवा त्याने स्वतःच्या पायावर जायचे, म्हणजे त्याच्यासाठी स्पॉन्सर होणारी कंपनी शोधायची, नाहीतर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारतीय तरुणांसाठीच्या यंग प्रोफेशनल्स योजनेत नाव घालायचे. तिथे वय १८ ते ३०, हातात पदवी आणि २,५३० पौंडांची शिल्लक लागते. मुदत दोन वर्षे, आणि निवड चिठ्ठ्या टाकून.

दोघांनी दोन्ही करून पाहिले. चिठ्ठीत त्याचे नाव आले नाही. तिच्या कंपनीने मात्र तिला स्पॉन्सर केले आणि काही महिन्यांनी तो गेला. सध्या तो तिथे त्याच्याच क्षेत्रात काम करतो. त्याच्या व्हिसाची मुदत तिच्या व्हिसाइतकीच आहे. उद्या तिची नोकरी गेली, तर स्वतःची नोकरी शाबूत असूनही त्यालाही सामान बांधावे लागेल. म्हणून आता तो स्वतःच्या नावावर स्किल्ड वर्कर व्हिसा मिळवायच्या खटपटीत आहे.